तोंड कसं जुळतं ते दाखवणाऱ्या मॅडम

पहिल्यांदा माफी मागून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही कुंभार पिंपळगावला, अर्धी वर्गात आणि अर्धी वावरात. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, हे मला कधी कळलं नाही. अक्षर तर असं की चिखलातून कोंबडी चालून गेली म्हणावं. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण उद्या प्रज्ञाच्या हातात पडलं तर तिनं लाल पेन घेऊन बसू नये. आधी शेवटपर्यंत वाचावं.

प्रज्ञा माझी लेक. आता सातवीत आहे. परवा ती विज्ञानाच्या पुस्तकात अंड्यातल्या पिल्लाचं चित्र बघत होती. मी भांडी घासायला चालले होते, जाता जाता म्हटलं, "यात डोळा लहान काढलाय. खरा लई मोठा असतो."

"तुला काय माहीत?"

"बघितलंय मी."

"कुणी दाखवलं?"

मी भांडी उचलली. तिनंही परत विचारलं नाही. तिला आठवत असणार. त्या दिवसापासून मनात घोळून राहिलंय, म्हणून लिहायला बसले. नाव लिहिणार नाही. मॅडम म्हणते.

आमचं घर जालन्यात, शहराच्या कडेला, मिलांकडं जाणाऱ्या रस्त्यावर. प्रज्ञाचे पप्पा सळईच्या मिलमधे भट्टीवर कामाला. मी घरामागं गावरान कोंबड्या पाळायची. एक दिवस दारात रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. सुती साडी, साडीखाली पोरं खेळायला घालतात तसले पांढरे बूट, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि आंबाड्यात चक्क पेन्सिल खोचलेली. ना राम राम, ना जयभीम. पहिलाच प्रश्न, "तुमच्या कोंबड्यांत कोंबडा आहे का हो?"

मी लाजून आत वळले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजेवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाय की. लई खोडील हाय. का, तुमच्या मागं सोडू का?"

"माझ्या मागं नको," मॅडम म्हणाल्या. "कोंबड्यांच्या मागं लागतो ना? मग बास."

तेव्हा कळलं की त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, पोरांना अंड्यातलं पिल्लू वाढताना दाखवतात. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यात जीव धरत नाही, कारण तिथं कोंबडाच नसतो. त्यांना कोंबडा असलेल्या घरची ताजी अंडी पाहिजे होती, दर सोमवारी.

पहिल्या सोमवारी मी सगळी अंडी साबणानं धुतली, कापडानं पुसली, टोपलीत मऊ लुगड्यावर मांडली. कॉलेजात जायचं, घाण कशी न्यायची? मॅडमनं एक अंडं उचललं, वास घेतला आणि खुर्चीतच बसल्या. "अगं लता, आंघोळ घातलीस यांना!" अंड्यावर एक पातळ पापुद्रा असतो, तो धुतला की टरफलाची बारीक भोकं उघडी पडतात, म्हणाल्या, आणि आतला जीव नासतो. मला वाटलं आता अंडी परत करतील. त्यांनी पैसे पूर्ण दिले आणि ती अंडी शिपायाला खायला दिली. "पुढच्या वेळी शेण लागलेलं असलं तरी तसंच आण. मला सुंदर नको, खरं पाहिजे."

स्वतः त्या अंडं खात नसत. घरात अंडं चालायचं नाही. दिवसभर अंडी हाताळून घरी गेल्या की बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि मग स्वयंपाकघरात शिरायच्या. पोरं चिडवायची, मॅडम, एवढी अंडी आणता आणि आम्लेट कधीच नाही? त्या म्हणायच्या, "मी अंडं खात नाही, वाचते."

खिडकीशी जाऊन अंडं उजेडात धरायच्या आणि त्यालाच विचारायच्या, "काय म्हणतोस?" आत पिल्लू मेलं असेल तर मेलं म्हणत नसत. "हा थांबला," म्हणायच्या, आणि पेन्सिलीनं टरफलावर बारीक फुली करायच्या. दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "बघितल्याशिवाय बोलायचं नाही." एकदा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, ही सगळी देवाची करणी." त्या म्हणाल्या, "असेल. पण तो कशी करतो ते बघायला तुला कुणी मना केलंय का? ये इकडं, लाव डोळा."

एकदा पुसाच्या थंडीत लाइट गेली. अंडी उबवायची त्यांची लाकडी पेटी होती, आत बल्ब लावलेला. लाइट नाही म्हटल्यावर पेटी गार पडायला लागली. मॅडमनं अंगावरची शाल काढून पेटीवर टाकली, शिपायाचा स्वेटर काढून घेतला, माझ्या डोक्यावरचा स्कार्फसुद्धा. मग लाइटच्या ऑफिसला फोन लावला. "अहो, माझी इथं पेटीत ठेवलेली इतकी बाळं थंड पडायला लागलीत. एकाला जरी काही झालं तर मी तुमच्या दारात येऊन बसेन." पलीकडच्या माणसाला वाटलं दवाखान्यातून फोन आला. लाइनमन घाम पुसत, धावत जिना चढून आला. बघतो तर काय, अंडी. तो म्हणाला, "बाई, ही बाळं?" मॅडम म्हणाल्या, "तूसुद्धा एवढाच होतास. चढ खांबावर." लाइट आली. नंतर तो लाइनमन कधी रस्त्यात दिसला की मला विचारायचा, "काय मावशी, बाळं बरी का?"

मी बोलत फार नसे. दाराजवळ टोपली ठेवायची, पैसे घ्यायचे, निघायचं. मॅडमच स्टूल ओढायच्या, "बस गं पाच मिनिटं."

प्रज्ञा झाली तेव्हा मी महिनाभर गेले नाही. मग गेले ती तिला कडेवर घेऊन, पदरानं तोंड झाकून. मॅडमनं विचारलं, "बाळाचं तोंड का झाकलंस?" मी पदर आणखी ओढला. त्यांनी स्वतःच पदर बाजूला केला.

प्रज्ञाचा वरचा ओठ डावीकडं फाटलेला होता, थेट नाकपुडीपर्यंत. बघणारा प्रत्येक जण आधी 'अरेरे' म्हणायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. मॅडमनं अरेरे म्हटलं नाही. चष्मा चढवला, तिला खिडकीशी नेलं, उजेडात धरलं. अंडं धरायच्या तसंच. "डाव्या बाजूचा थांबला," एवढंच म्हणाल्या.

"काय थांबला?"

"दाखवते. बस."

त्यांनी पेटीतून एक अंडं काढलं, बारीक कात्रीनं टरफलाला खिडकी पाडली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवलं. मला म्हणाल्या, लाव डोळा. मी आधी माझ्याच पापण्या बघत होते. मग एकदम दिसलं. लाल ठिपका उडत होता. ते काळीज. चार-पाच दिवसांचं पिल्लू ते. डोकं छातीवर वाकवलेलं, आणि डोकं म्हणजे तरी काय, सगळा डोळाच. काळा, एवढा मोठा की बाकीचं अंग त्याला शेपूट लावल्यासारखं.

"तोंड कुठंय?" मी विचारलं.

"तोंड अजून यायचंय. डोळ्याच्या पुढं उंचवटे दिसतात का? एक कपाळाकडून खाली येतोय. दोन्ही गालांकडून एकेक. खालून दोन. मधे खड्डा आहे, त्याच्याभोवती बघ, अंगणात बाया फेर धरायला गोळा होतात तसे जमून राहिलेत. ते वाढत वाढत एकमेकांजवळ येतात, जुळतात, तेव्हा तोंड होतं. मासा असो, बेडूक असो, कोंबडी असो की आपण, कणा असलेल्या सगळ्यांचं असंच."

"त्यांना कोण सांगतं, कुठं जायचं?"

हा प्रश्न मी विचारला म्हणून त्या किती खूश झाल्या! पुढचे कितीतरी सोमवार त्या मला त्याचंच उत्तर देत होत्या. सगळं मला कळलं असं नाही. जे कळलं ते असं. हे उंचवटे ज्या पेशींनी भरतात त्या डोक्याच्या मागच्या बाजूनं निघतात आणि वाट चालत पुढं येतात. वाटेत आणि पोचल्यावरही प्रत्येक पेशी शेजारणीला सांगावा धाडत असते. वरची कातडी आतल्यांना सांगते वाढा, आतल्या तिला सांगतात आता थांब. या सांगाव्याला आवाज नाही, अक्षर नाही. एक पेशी थेंबाहून बारीक असं काहीतरी सोडते. दुसरीच्या अंगावर त्याच मापाचं कुलूप असतं. किल्ली बसली की तिला कळतं, आपण काय व्हायचं. एक सांगावा तर असा आहे की तो जास्त झाला तर तोंड रुंद होतं, कमी पडला तर डोळे एकमेकांजवळ सरकतात. त्याला शास्त्रज्ञांनी कुठल्याशा काटेरी जनावराचं नाव दिलंय म्हणे.

"आणि उंचवटे नुसते टेकून भागत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोघांच्या मधली कातडी विरावी लागते. मग ते एक होतात. तुझ्या लेकीचं डावीकडचं टेकायचंच राहिलं. सांगावा कमी पोचला असेल, उशिरा पोचला असेल. का, ते मला सांगता येणार नाही. पूर्ण कुणालाच अजून सांगता येत नाही."

एकदा त्यांनी सांगितलं, परदेशात कुणी बदकाच्या त्या पेशी लाव्याच्या अंड्यात नेऊन ठेवल्या, तर लाव्याच्या पिल्लाला बदकाची चोच आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग बरं, आत्याबाईच्या पेशी कुणी माझ्यात न्हाई ठेवल्या." मॅडम एवढ्या हसल्या की आंबाड्यातली पेन्सिल खाली पडली. मी कुणाला असं हसवलंय, ते तेवढंच.

त्याच दिवशी मी त्यांना ते सांगितलं, जे माहेरीही सांगितलं नव्हतं.

प्रज्ञा पोटात असताना ग्रहण लागलं होतं. आम्ही बौद्ध. भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, ग्रहण-बिहण आपण पाळत नाही असं सगळेच म्हणतात. आत्याबाईसुद्धा चारचौघींत तसंच म्हणायच्या. पण सून पोटुशी राहिली की त्यांचं मन मागं जायचं. "लता, आज इळी हातात धरू नको," त्या म्हणाल्या होत्या. पण यांना पाळीवर जायचं होतं, डबा तर द्यायचा होता. मी वांगी चिरली. प्रज्ञा झाली, सुइणीनं तिला वर उचललं, आणि आत्याबाईंचा पहिला शब्द आला, "चिरलंस ना? आता बघ." त्या दिवसापासून घरात कुणी आलं, कुणी गेलं, त्यांचं एकच. पोरगी चांगलीच होती, हिनं चिरली.

मॅडमनं विचारलं, "ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता?"

"सातवा."

"माणसाच्या बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळून होतो. जुळायचा तर तेव्हाच जुळतो, राहायचा तर तेव्हाच राहतो. तू वांगी चिरलीस तेव्हा तुझ्या लेकीचं तोंड कधीचं झालेलं होतं. तुझ्या विळीचा तिथं काय संबंध?"

मी स्टुलावर बसून रडले. मायक्रोस्कोपवर पाणी पडू नये म्हणून मॅडमनं तो हळूच बाजूला सरकवला. एवढंच केलं. मला ते फार बरं वाटलं.

मग एक दिवस त्या आमच्या घरी आल्या. पिशवीत अंडी आणि बॅटरी. चहा पिल्या, बशीतून, आवाज करत. मग म्हणाल्या, "आजी, चला तुम्हाला एक गंमत दाखवते." भर दुपारी दाराला गोधडी टांगून अंधार केला आणि बॅटरीवर अंडं धरलं. टरफल लालीलाल झालं, आत मुळ्यांसारख्या शिरा. मधे काहीतरी हललं. आत्याबाई एवढ्या वर्षांत कितीतरी कोंबड्या बसवलेल्या बाई, पण डोळे विस्फारून बघत राहिल्या. मॅडमनं त्यांना सगळं सांगितलं, दुसरा महिना, सातवा महिना, सगळं.

"हे कोंबडीचं झालं," आत्याबाई म्हणाल्या. "माणसाचं येगळं असतं."

"आजी, सुरुवातीला कोंबडीचं काय अन् कलेक्टरचं काय, सारखंच दिसतं."

"मंग कलेक्टरला सांगू का तसं?"

"सांगा, मी येते साक्षीला."

आत्याबाई हसल्या. मॅडम गेल्यावर दाराची गोधडी काढून घडी घातली. मग म्हणाल्या, "एवढी शिकलेली बाई. ती कशाला खोटं बोलंल?" त्यानंतर त्यांनी चिरल्याची गोष्ट काढली नाही. शेजारच्या बायांनी काढली तर त्याच तोंड बंद करायच्या, "दुसऱ्या म्हैन्यातच झाल्तं ते. तुमाला काय कळतं?" मी या घरात मान वर करून चालायला लागले ते मॅडमच्या शब्दावर. दुसरा कसलाही आधार माझ्याकडं नव्हता.

औरंगाबादचा दवाखानाही मॅडमनंच शोधून दिला. ऑपरेशन फुकट झालं, पण जाणं-येणं, तिथं राहणं, यांचे मिलमधले खाडे. पैसे मॅडमनं दिले. पुढं टाळूचं ऑपरेशन झालं तेव्हा परत दिले. "फेडशील हळूहळू, अंड्यांत." दर सोमवारी निम्मे पैसे हातात, निम्मे कटायचे. प्रज्ञाचा ओठ शिवला, नुसता एक दोरा टाकल्यासारखा वण राहिला आणि बोलणं थोडं नाकातून. मॅडमला ती मॅडमआजी म्हणायची. त्या तिला मांडीवर घेऊन तो वण बोटानं चाचपायच्या, "झकास जुळलाय."

प्रज्ञा सहा वर्षांची असताना मॅडमची लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून आली. मॅडम कॉलेजातून लवकर घरी जायला लागल्या, म्हणून मी अंडी घरीच न्यायची, बाहेरच्या नळाजवळ ठेवायची. त्या दिवशी प्रज्ञाला शाळा नव्हती, ती बरोबर आली. ग्रहण आहे हे मला माहीतही नव्हतं. आत्याबाई नातेवाइकांकडं गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी आठवण दिली असती.

खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले. मला वाटलं घरात कुणी नाही. कडी वाजवली. दार थोडंसंच उघडलं. आतल्या खोलीत अंधार, तिथं त्यांची लेक पलंगावर ताठ बसलेली, हात मांडीवर, कुणी फोटो काढतोय अशी. भिंतीवर गोऱ्या गुबगुबीत बाळाचं मोठं चित्र. प्रज्ञा माझ्या पुढं होऊन म्हणाली, "मॅडमआजी!" आणि आत शिरायला लागली.

मॅडमनं दारात हात आडवा लावला.

"लता, आज नको. ग्रहण आहे." आवाज अगदी खाली. मग प्रज्ञाकडं न बघता म्हणाल्या, "आणि माझी लेक मोकळी होईपर्यंत हिला आणू नकोस गं. पोटुशीच्या नजरेला... म्हणजे चांगलेच चेहरे पडावेत म्हणतात. तू समजू शकतेस."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं माझंच ऐकण्यात चुकलं. मी म्हटलं, "मॅडम, तुमीच तर म्हणल्या होत्या..."

"हो गं. मला माहीत नाही का? सगळं माहीत आहे. पण ती माझी लेक आहे. उगीच कशाला जोखीम?"

"मंग माझं ग्रहण?"

आतून लेकीनं हाक मारली, "आई, दार लाव ना." त्या घाईत म्हणाल्या, "अगं, तेव्हा तुला धीर द्यायला नको होता का? किती रडत होतीस."

"म्हंजे ते खोटं?"

"खोटं नाही गं, शास्त्र आहे ते. पण... जा आता, ऊन लागेल पोरीला."

दार लागलं. अंड्यांची टोपली माझ्या हातातच राहिली.

घरी येताना एकदा मनात आलं, जातीचं असेल का? तसं असतं तर मला नवीन नव्हतं, ते दुखणं कुठं ठेवायचं हे मला माहीत आहे. पण ही बाई माझ्या घरी बशीतून चहा पिली होती. हे ते नव्हतं. हे माझ्या लेकीच्या तोंडाचंच होतं. ज्या ओठाला झकास म्हणायच्या, तोच त्यांनी दारात अडवला. आणि त्याहून मला टोचत होता तो एकच शब्द. धीर. खरं म्हणून जे मी पदरात बांधून घेतलं होतं, ते त्यांनी रडणाऱ्या पोराला गूळ द्यावा तसं दिलं होतं का?  चौकात प्रज्ञानं हात तोंडावर ठेवला, आणि घरापर्यंत काढला नाही.

आत्याबाई संध्याकाळी आल्या. प्रज्ञानंच सांगितलं, "आज्जी, मॅडमआजीनं मला आत येऊ दिलं न्हाई. माझं तोंड चांगलं न्हाई म्हणून."

आत्याबाईंनी मला खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, काय करणार? त्या म्हणाल्या, "म्हंजे ती पाळती. शिकलेली, कॉलेजातली बाई पाळती. मंग मी काय येडी होते का? माझ्याच घरात येऊन, माझ्याच दाराला गोधडी लावून मला येड्यात काढून गेली. अन् मी गल्लीभर तिचं गाणं गात फिरले!" मग माझ्याकडं बोट केलं. "चिरलंसच तू."

एवढ्या वर्षांनी तो शब्द परत घरात आला.

त्या रात्री मी जेवले नाही. पण एक गोष्ट मनातून हलेना. मायक्रोस्कोपखालचं ते पिल्लू मला धीर द्यायला तिथं आलं नव्हतं. ते होतं तसं होतं. उंचवटे मी माझ्या डोळ्यानं बघितले. मॅडमनं शब्द फिरवला, पण मी बघितलेलं कसं फिरेल? हे मी आत्याबाईंना सांगू शकले नाही. मला बोलता येत नाही. म्हणून इथं लिहिते.

सकाळी आत्याबाईंनी त्यांचा बटवा माझ्यापुढं टाकला. निराधार योजनेचे पैसे त्यांनी साठवले होते, कुणाला हात लावू देत नसत.

"तिचे किती राह्यले?"

मी सांगितले.

"यातून दे. कमी पडले तर तू टाक. माझ्या नातीचं तोंड तिच्या पैशात अडकून नको राह्यला."

"आत्याबाई, पण तुमीच तर रात्री म्हणल्या, चिरलं."

"म्हणीन की. मी म्हणीन. मी आज्जी हाय तिची," त्या म्हणाल्या. "पण मी तिला कधी दारात उभं न्हाई केलं."

त्या पैशात भागलं नाही. मी पिल्लं विकली, खोडील कोंबडासुद्धा विकला. अंडी आता मॅडमकडं जात नव्हती, बाजारात जात होती. सगळे जमेपर्यंत त्यांची लेक मोकळी झाली. मुलगा झाला, असं शिपायाकडून कळलं.

मी एकटीच गेले. मॅडम व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या, पांढरे बूट काढून, मांडीवर नातू. मला बघून एकदम म्हणाल्या, "अगं लता! किती दिवसांनी. अंडी का बंद केलीस?" जसं काही झालंच नव्हतं. "बघ तरी याला. सगळं कसं नीट झालं. नऊ महिने सगळं सगळं पाळलं बाई."

मी पदराची गाठ सोडून पैसे पुढं केले.

"हे कसले?"

"प्रज्ञाच्या आपरेशनचे. राह्यलेले."

"अगं, मी विसरूनही गेले होते. राहू दे."

"न्हाई मॅडम, घ्या. मोजून घ्या."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. चष्मा दोरीला लोंबत होता, तो चढवला नाही. मग एका हातानं नोटा घेतल्या, पण मांडीवर बाळ. नोटा मोजायला दोन हात पाहिजेत. माझे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी एकदा माझ्या हातांकडं बघितलं, मग उठून बाळाला आत गादीवर ठेवून आल्या, दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसून नोटा मोजल्या.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या.

मी बरं म्हटलं आणि पायऱ्या उतरले. आता त्यांचा एक रुपयाही माझ्याकडं नाही.